आप्पांच्या हिशेबातली घरं

आमचे सुरतेतल्या डिंडोलीचे घरमालक घराची किंमत वर्षांत सांगायचे. लाखांत बोलणं त्यांना जमत नव्हतं असं मुळीच नाही. तरुणपणी धुळ्याकडच्या खेड्यातून ते सुरतेला आले, उधन्याच्या कारखान्यात माग चालवले, पुढे जॉबर झाले, म्हणजे बिघडलेले माग ताळ्यावर आणणारे. उतारवयात मागांच्या सुट्या भागांचं छोटं दुकानही काढलं आणि चांगल्या भावात विकून टाकलं. व्यवहार त्यांना नीट कळत होता. पण आमच्यासाठी घर बघायचा विषय निघाला की ते डोळे मिटायचे, ओठ हलवायचे आणि म्हणायचे, "हाई घर चार वरीसनं शे." म्हणजे हे घर घ्यायचं तर माझ्या नवऱ्याने मस्कतमध्ये आणखी चार वर्षं काढायची.

सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची, आम्हीही आप्पाच म्हणायला लागलो.

आम्ही मस्कतहून परत आलो होतो, म्हणजे अर्धे आलो होतो. नवरा तिथे एका कंपनीत एसी देखभालीच्या कामाला होता. मी लग्नानंतर गेले, मुलगी तिथेच झाली. मग कंपनीने कुटुंबांसाठीची घरं बंद केली. पुरुषांनी एकेकटं खोल्यांत राहावं, बायकापोरांनी आपापल्या देशी जावं, असा एकूण सूर. नवऱ्याची बरीच रजा साठलेली होती, ती घेऊन तो मे महिन्यात आम्हाला सोडायला आला. श्रावण संपता संपता त्याने एक तर परत जायचं होतं किंवा कंपनीला राम राम ठोकायचा होता, आणि ते सगळं अडलं होतं घरावर. साधं घर घेतलं तर जमवलेल्या पैशांत भागत होतं आणि तो इथेच राहू शकत होता. मोठं घेतलं तर हप्ते, आणि हप्त्यांसाठी पुन्हा मस्कत, एकट्याने. आम्ही दोघंही हे जाणून होतो, आणि दोघांनाही मोठंच घर हवं होतं.

सुरत का, असं माझ्या नाशिकच्या माहेरच्यांनी खूप विचारलं. नवऱ्याचं गाव अमळनेरकडचं. मस्कतला जाण्याआधी तो उधन्यातच इलेक्ट्रिशियन होता, त्यामुळे भारत म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर गावाच्या आधी सुरतच यायची. शिवाय उधन्याहून गाडीत बसलं की गाव. घर मिळेपर्यंत कुठेतरी भाड्याने राहायचं म्हणून कोणीतरी आप्पांचा पत्ता दिला.

त्या पहिल्या भेटीत आप्पांनी आमचं कूळ विचारलं नाही, डिपॉझिटचं विचारलं नाही, मांसमच्छी खाता का तेही विचारलं नाही. चहाचा कप नवऱ्यापुढे सरकवून म्हणाले, "भाऊ, मस्कतमा वरीसभर राबीसन हातमा कितला ऱ्हास?" असा प्रश्न सख्खे काकाही घुमवून फिरवून विचारतात. नवरा एवढा गडबडला की त्याने खरा आकडा सांगून टाकला. मला त्याने तो लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सांगितला होता. आप्पांनी मान हलवली, आकडा मनात ठेवून दिला आणि तेव्हापासून तेच आमचं चलन झालं.

वरचा मजला आम्हाला दिला तो अटींसह. भाडं जिजींच्या हातात द्यायचं. जिजी म्हणजे आप्पांची बायको. आप्पा स्वतः भाड्याला हात लावत नसत, का ते मला तेव्हा कळलं नाही. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. आणि तिसरी अट सगळ्यात विचित्र, प्लास्टिक काढायचं नाही. वरचा मजला बांधून काही वर्षं झाली होती, पण दिव्यांच्या बटणांवर, नळांवर, कमोडच्या झाकणावर, एवढंच काय स्वयंपाकघरातल्या कपाटांच्या मुठींवरही दुकानातून आलेलं प्लास्टिक तसंच होतं. दिवा लावताना चुरचुर आवाज यायचा. कॅलेंडर आम्ही खुर्चीत बसवलं होतं. मुलगी त्या खुर्चीला तारीख-खुर्ची म्हणायची.

सकाळी पाणी यायचं तेव्हा आप्पा मोटर चालू करून जिन्याच्या तळाशी उभे राहत आणि "पानी उनं", पाणी आलं, असं गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. वास्तविक पाणी वर टाकीत चढणार, टाकीतून आमच्या नळाला येणार, आम्हाला उठण्याचं काही कारण नव्हतं. मी एकदा तसं म्हटलं. आप्पा म्हणाले, "पानी येस तवय मानूसनी जागं ऱ्हावो." मी उठायला लागले.

आम्ही घरं बघायला निघालो की आप्पा खाली कापडी पिशवी घेऊन तयार असत. त्यांना कोणी बोलावलेलं नसे. पहिल्यांदा मला राग आला, आमचं घर, आमचे पैसे, हे कोण. नवरा मात्र त्यांना रिक्षात आधी बसवायचा. पिशवीत पाण्याची बाटली, एक पंचा आणि शेंगदाणे. पंचा कशाला ते मला वेसूला कळलं.

वेसूला एका नव्या इमारतीत नमुन्याचं घर सजवून ठेवलं होतं. टाय लावलेला एक गोड मुलगा आम्हाला सगळं दाखवत होता. "अंकल, ये मास्टर बेडरूम, देखो कितना बडा है." आप्पांनी बूट काढले, पिशवीतून पंचा काढला, तो उशीवर अंथरला आणि नमुन्याच्या पलंगावर आडवे झाले. मुलगा म्हणाला, अंकल, ये सिर्फ दिखाने के लिए है. आप्पांनी डोळे मिटूनच सांगितलं, "घरमा झोपाबिगर घर समजत नही." आम्हाला वाटलं दोन मिनिटं पडतील. ते घोरायला लागले. खोली एसीने थंडगार, बाहेर जूनचं ऊन, माणूस पहाटे पाण्यासाठी उठलेला. आम्ही दोघं आणि तो मुलगा नमुन्याच्या सोफ्यावर बसून राहिलो, एकमेकांच्या गावांची चौकशी केली. तो मुलगा भावनगरकडचा निघाला, त्यालाही सुरतेत घर परवडत नव्हतं.

आप्पा उठले, पंचा घडी करून पिशवीत ठेवला आणि नवऱ्याला म्हणाले, "झोप चांगली लागनी. साडेसहा." त्या मुलाला वाटलं ते वेळ सांगतायत, त्याने घड्याळ बघितलं. मी हसू दाबत बाहेर आले. नंतर रिक्षात मला हसू येईना, साडेसहा वर्षं म्हणजे मुलगी तेव्हा केवढी असेल ते मी मोजत होते.

आप्पांच्या परीक्षा सगळ्याच शहाण्या होत्या असं समजू नका. लिफ्टने माणसाचं आयुष्य कमी होतं असं त्यांचं ठाम मत होतं आणि त्याला आधार म्हणून ते लिफ्ट असलेल्या इमारतीत वारलेल्या तीन ओळखीच्यांची नावं सांगत. तिघंही ऐंशीच्या पुढचे होते. भिंतीवर बोटं वाजवून ते "पोकळ" म्हणत, आणि एका ठिकाणी ज्या भिंतीला पोकळ म्हणाले तो पिलर निघाला. राहत्या इमारतीत गेले तर शेजारच्यांच्या दाराची बेल दाबून "आज काय रांधं" असं विचारत. एका गुजराती बाईंनी घाबरून दार लावून घेतलं. दुसऱ्या बाईंनी ताटलीत हांडवो आणून दिला, आणि आप्पांनी ती इमारत ताबडतोब एका वर्षाने स्वस्त ठरवली.

हळूहळू ते सगळंच त्या चलनात मोजायला लागले. भाजीवाल्याने भेंडीचा भाव सांगितला की माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणायचे, "अर्धा घंटा." आमचा नवा फ्रिज जिन्यातून वर चढत होता तेव्हा हमालांसमोर म्हणाले, "बारा दिन." जिजी ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या असायच्या. एकदा त्यांनी मान वर न करता विचारलं, "आनि मी? मी कितलानी?" आप्पा विचारात पडले. जिजी आठवडाभर प्रत्येक जेवणात ते काढत होत्या, आणि आप्पा आठवडाभर ताटात बघून जेवत होते.

आप्पांचा मुलगा कॅनडात होता. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा, आणि आप्पा फोन स्पीकरवर टाकून खाली अंगणात बसायचे, त्यामुळे ते बोलणं आमच्या घरातही व्हायचं. मुलगा सुरतेत वाढलेला, बापाशी गुजरातीत बोलायचा. तब्येत, पाऊस, जिजींचे गुडघे, आणि शेवटी ठरलेला प्रश्न, "पप्पा, हमणां शुं भाव चाले छे?" म्हणजे सध्या घरांचा भाव काय चाललाय. त्याला परत यायचं होतं. चांगलं मोठं घर घेऊन यायचं होतं. आप्पा त्याला अगदी प्रामाणिकपणे त्या आठवड्याचा भाव सांगत. मुलाचं चलन वेगळं होतं, त्यामुळे त्याची वर्षंही वेगळी. मग तिकडून "ओके पप्पा, थोडुं वधारे सेव करी लउं." मुलगा साठवत होता आणि भाव त्याच्या पुढे चालला होता. जिजी एकदा मला म्हणाल्या, "थोडं कमी सांगाले काय जास त्यासनं?" पण भाव लपवणं आप्पांच्या रक्तात नव्हतं.

जुलैत आम्हाला ते घर सापडलं. पाल भागात, नवव्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तापी दिसायची. मी त्या खिडकीत उभी राहिले आणि माझं ठरलं, खोटं कशाला बोलू. मस्कतला माझ्या स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती. इतकी वर्षं मी पंख्याच्या जाळीकडे बघत पोळ्या लाटल्या होत्या. नवऱ्याने माझा चेहरा बघितला आणि त्याचंही ठरलं. आप्पांनी तिथे झोप काढली नाही. पलंगच नव्हता, पण ते जमिनीवरही पडले असते. ते गॅलरीत उभे राहिले, नदी बघितली आणि म्हणाले, "पाच."

"पाच वर्षं काय, अशी जातील," नवरा म्हणाला. आप्पांनी येताना रिक्षात शेंगदाणे काढले नाहीत.

नवऱ्याने मस्कतला फोन करून परत येतो म्हणून कळवलं. त्या लोकांना आनंद झाला. टोकन श्रावणातल्या एका शुक्रवारी द्यायचं ठरलं. मी खिडकीला कुठला पडदा लावायचा ते बघायला लागले आणि रात्री नवऱ्याच्या पाठीला हात लावून झोपायला लागले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करत होते.

त्याच आठवड्यात कानबाई आली. खानदेशातली माणसं कुठेही असोत, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसवतात आणि सोमवारी वाजतगाजत बोळवतात. त्या दिवशी डिंडोलीत गल्लोगल्ली पुरणाचा वास असतो. कानबाईचे रोट असतात, पुरणाचे, जाडजूड. त्याची रीत अशी, की घरात जेवढे पुरुष तेवढ्या सव्वा-सव्वा मुठी गहू मोजायचे आणि त्याचे रोट करायचे. बायकांची मूठ मोजत नाहीत. बायका फक्त निवडतात, दळतात, लाटतात आणि भाजतात. आणि दुसरी रीत अशी, की रोट भाऊबंदांबाहेर कोणाला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे.

आप्पांनी स्वतः मुठी मोजल्या. मी जिन्यात उभी राहून बघत होते. एक स्वतःची. एक मुलाची. मग नातवाची, मग धाकट्या नातवाची, आणि या दोघांची मूठ मोजताना त्यांनी हात जरा मोठा उघडला. चार पुरुषांचे रोट झाले, आणि खायला घरात दोन म्हातारी माणसं. आम्ही वेगळ्या कुळाचे, त्यामुळे आम्हाला रोट चालत नव्हते. जिजींनी आमच्यासाठी वेगळी खीर करून वर पाठवली.

सोमवारी देवी गेली आणि आप्पांचं खाणं सुरू झालं. सकाळी चहाबरोबर रोट, दुपारी दुधात चुरून रोट, संध्याकाळी नुसता रोट. त्यांच्या फ्रिजचा खालचा कप्पा रोटांनी भरला होता. देवीने फ्रिजला अजून हरकत घेतलेली नाही. जिजी गोडाला कंटाळून बुधवारीच मिरची चावायला लागल्या. आप्पा मात्र नेटाने खात होते.

गुरुवारी संध्याकाळी नवरा खाली गेला, मीही पाठोपाठ. तो म्हणाला, "आप्पा, उद्या टोकन आहे. चला आमच्याबरोबर." आप्पा ओट्यावर बसून रोट चावत होते. त्यांनी मान हलवली, ती हो होती की नाही ते कळलं नाही. नवरा गमतीने म्हणाला, "जे इथे नाहीत त्यांचे कशाला मोजता आप्पा? दरवर्षी तुम्हालाच खावं लागतं."

"मोजनं पडस," आप्पा म्हणाले. "नही मोजं ते देवीले कसं समजी, त्या शेत म्हनीसन?" म्हणजे ते आहेत हे देवीला कळायचं कसं.

मग घास गिळून त्यांनी जे सांगितलं ते जिजींनाही चारचौघांत ऐकायची सवय नसावी, कारण त्या उठून आत गेल्या.

मुलगा एकदा परत आला होता. बॅगा घेऊन, नोकरी सोडून. मागच्याच गल्लीत एक छोटं घर विकायला होतं, ते त्याला पसंत होतं. "मीच नही म्हनं," आप्पा म्हणाले. "म्हनं, कॅनडाथून उना आनि डिंडोलीनी गल्लीमा ऱ्हाशी का? लोके काय म्हनतीन? आजून दोन वरीस काढ, मोठं घर ली." मुलगा बापाचं ऐकणारा होता. तो परत गेला. दोन वर्षांनी मोठ्या घराचा भाव वाढला होता, मग आणखी थोडं, मग लग्न, मग मुलं. "मंग मी हाऊ मजला बांधा. म्हनं, आते त्याले एक वरीस बी नको लागाले. सरळ येवो आनि ऱ्हावो." आप्पांनी वर आमच्या खिडकीकडे बघितलं. "पन आते त्याले मोठंच पायजे. मीच शिकाडं ना त्याले."

मला एकदम वरचं ते सगळं प्लास्टिक आठवलं आणि भाड्याला हात न लावणारे त्यांचे हात दिसले. मला आप्पांची दया आली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, आमची.

नवऱ्याने खिशातून फोन काढला आणि तिथेच उभा राहून गावी लावला, स्वतःच्या वाटणीच्या मुठीचं विचारायला. सासूबाईंनी उचलला. त्या फोनवर नेहमी ओरडून बोलतात, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"आई, कानबाईले मनी मूठ मोजतस का तुम्ही? इतला वरीस?"

"मोजतस ना. काबरं नही मोजाना?"

"मंग ते रोट खास कोन?"

"तुना बाप खास. कोन खाई दुसरं?"

"आई, त्यासले शुगर शे."

"डाक्टर नही म्हनस. पन ऐकस का तुना बाप? म्हनस, पोऱ्याना वाटा शे, टाकाना कसा." मग सासूबाईंना आमच्या मुलीचा सर्दी-खोकला आठवला आणि त्या बराच वेळ हळदीच्या दुधाबद्दल बोलत राहिल्या. नवरा "हां, हां" म्हणत होता आणि तोंड भिंतीकडे करून उभा होता.

शुक्रवारी आम्ही पालला गेलो नाही. नवऱ्याने टोकन देणार नाही म्हणून कळवलं, आणि मग मस्कतला कळवलं. मला रडू आलं. सुटल्याचं होतं ते, आणि खरं सांगायचं तर त्यात त्या खिडकीचंही थोडं होतं. अजूनही कोणी तापीचा फोटो पाठवला की मी जरा वेळ बघते.

आम्ही डिंडोलीतच, आप्पांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक रो-हाऊस घेतलं. वर एक खोली, खाली दोन, पुढे स्कूटरपुरती जागा. साठवलेलं सगळं त्यात गेलं, आणि नवऱ्याने सुरतेतच एसी दुरुस्तीची कामं घ्यायला सुरुवात केली. सुरतेचा उन्हाळा बघता ती कमी पडणार नव्हती. पंधरा दिवस तो शिड्यांवरून घरी येऊन अंग दुखतं म्हणून कण्हायचा आणि मला ते कण्हणं आवडायचं. दस्तऐवज व्हायच्या आधी आप्पा अर्थातच पंचा घेऊन आले आणि मोकळ्या खोलीत फरशीवर झोपले. उठल्यावर आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. आप्पांनी मान खाजवली. "डास शेत," म्हणाले. "बाकी बरं शे." वर्षं त्यांनी सांगितली नाहीत. त्यांनी पंचा घडी केला आणि चहा मागितला.

पुढच्या श्रावणात सासू-सासरे गावाहून आले आणि आमच्या घरी कानबाई बसली. सासऱ्यांनी मुठी मोजल्या, आणि नवऱ्याला त्याचे रोट त्याचे त्यालाच खावे लागले. बुधवारपर्यंत तो रडकुंडीला आला. सासरे बाजूला बसून खिचडी खात होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकं सुख मी कधी पाहिलं नव्हतं.

आप्पा त्या दिवशी आमच्या पायरीवर बसले होते. वेगळं कूळ, त्यामुळे रोट नाही, नुसता चहा. तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. सवयीने त्यांनी स्पीकरवर टाकला. मुलाने आमच्या घराबद्दल ऐकलं होतं. त्याने विचारलं, पप्पा, पेला लोकोए घर केटलामां लीधुं, त्या लोकांनी घर केवढ्याला घेतलं. आम्ही सगळे ऐकत होतो. या माणसाने आयुष्यात कोणापासून भाव लपवला नव्हता.

"घरना भाव नको इचारू," आप्पा म्हणाले. "तिकीटना भाव इचार."

मग मुलाने विचारलं, क्यारे आवुं, कधी येऊ. आप्पांना कधी ते सांगता येईना. त्यांनी फोन जिजींकडे दिला, आणि जिजींनी तारखेसकट सांगितलं.

तो त्यानंतरच्या श्रावणात आला, बायको आणि दोन मुलांना घेऊन, तीन आठवड्यांसाठी. घर घ्यायचं काही ठरलं नाही, तो परत गेलाही. पण वरच्या मजल्यावर ते राहिले, आणि त्या दांडग्या नातवांनी पहिल्याच दिवशी नळांवरचं प्लास्टिक ओरबाडून काढलं. आप्पांनी चार मुठी मोजल्या, नेहमीसारख्या. रोट मंगळवारी दुपारीच संपले. संध्याकाळी आप्पा गल्लीत जो भेटेल त्याला थांबवून तक्रार करत होते, माझ्याकडेही आले, "देख ना बेटा, पोऱ्यासनी माले काहीच ऱ्हाऊ दिधं नही," आणि एवढं सांगून पुढच्या घरी तेच सांगायला गेले.